सही झाली, ताबा राहिला

भाडेकरूने आपली जागा पोटभाड्याने द्यायचे ठरवले, स्टँप पेपरवर मजकूर लिहिला गेला, दोघांच्या सह्या झाल्या, आणि सामान आणायच्या आधीच पोटभाडेकरूने हात वर केले. आता काय करायचे? पुस्तकातले उत्तर सरळ आहे. करार कायदा १८७२ पासून अस्तित्वात आहे आणि त्याचे ७३वे कलम करार मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मिळवून देते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदाही मूळ भाडेकरूच्या बाजूने होता. उलट करार नसेल तर भाडेकरूने जागा पोटभाड्याने द्यायला त्याच्या १०८व्या कलमाची हरकत नव्हती, फक्त घरमालकाकडची मूळ जबाबदारी भाडेकरूच्या डोक्यावर कायम राहत असे. मुंबईत मात्र अर्धशतकाहून अधिक काळ हे उत्तर कागदावरच राहिले. त्याचे कारण पोटभाडेकरूंच्या लबाडीत नाही, मालकांच्या हावरेपणातही नाही. मुंबईचा भाडेकायदा ताब्याभोवती वाढला. जागेत कोण बसला आहे आणि त्याला उठवता येईल का, एवढेच त्याने पाहिले. जो बसलाच नाही, नुसती सही करून फिरला, तो त्याच्या नजरेत कधी भरलाच नाही.

ताब्याचे हे वेड उगाच आले नव्हते. पहिल्या महायुद्धाने मुंबईत घरांची टंचाई आणि भाडेवाढ आणली, तेव्हा १९१८ साली पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाने तीच गरज पुन्हा उभी केली. पुढे १ सप्टेंबर १९४० या तारखेचे भाडे हाच 'स्टँडर्ड रेंट'चा, म्हणजे मालकाला घेता येणाऱ्या गोठवलेल्या भाड्याचा, आधार ठरला. गिरणगावात एका खोलीत एकाहून जास्त बिऱ्हाडे, किंवा एक बिऱ्हाड आणि वर दोन-चार जेवणारे-राहणारे, ही नेहमीची गोष्ट होती. मुख्य भाडेकरू वर पैसे घेऊन खोलीचा कोपरा देई आणि त्यावर स्वतःचे भाडे भागवी. मालकाचे भाडे गोठवलेले आणि भाडेकरूचे पोटभाडे मोकळे, अशा स्थितीत नफेखोरी मालकाच्या हातातून भाडेकरूच्या हातात गेली असती. म्हणून १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झालेल्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या १५व्या कलमाने पोटभाडे सरसकट बेकायदा ठरवले आणि १३व्या कलमाने ते मालकाला जागा खाली करून घ्यायचे कारण दिले.

या एका बंदीने सही केलेल्या कागदाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. कायद्याने मना केलेल्या गोष्टीचा करार रद्दबातल ठरतो, असे करार कायद्याचे २३वे कलम सांगते. म्हणजे फिरलेल्या पोटभाडेकरूवर दावा लावायचा तर मूळ भाडेकरूला आधी स्वतःचाच गुन्हा कोर्टात वाचून दाखवावा लागणार, आणि त्याच कागदाच्या जोरावर मालक त्याला घराबाहेर काढणार. हा धोका नुसता कल्पनेतला नव्हता. 'वामन श्रीनिवास किणी' या १९५९च्या खटल्यात मालकाने पोटभाड्याला करारातच परवानगी दिली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूला वाचवले नाही. दोघेही सारखेच दोषी आहेत, ही भाडेकरूची सबब चालली नाही, कारण जागा परत मागण्याचा हक्क मालकाला कायद्याने दिला होता, कराराने नव्हे. मालकाची लेखी संमती जिथे कामाला आली नाही, तिथे पोटभाडेकरूची सही काय कामाला येणार?

मग व्यवहार थांबला का? अजिबात नाही. त्याने फक्त कपडे बदलले. भाडेपावती आणि विजेचे बिल जुन्याच नावावर राहिले. येणारा चाळीत 'गावाकडचा पाहुणा' झाला. दुकान असेल तर भागीदारीचा करार, नाहीतर मुंबईच्या बाजारात आजही ऐकू येणारे 'कंडक्टिंग अ‍ॅग्रीमेंट': धंदा मूळ भाडेकरूचा, चालवणारा दुसरा, आणि दरमहा 'रॉयल्टी'. अशा कागदावर जे लिहिलेले असते ते खरे नसते आणि जे खरे असते ते लिहिता येत नाही. तेव्हा शब्द पाळून घ्यायला उरले ते आधी मोजून घेतलेले पैसे, म्हणजे पागडी. पागडीबद्दल बोलताना आपण तिच्याकडे केवळ काळा पैसा म्हणून पाहतो. तिचे एक काम आपल्या नजरेतून सुटते. जिथे करार कोर्टात उभा राहत नव्हता, तिथे पागडी, निदान तिचा बयाणा, करार मोडणाऱ्याचा दंड आधीच वसूल करून ठेवत होती. फिरलास तर पैसे गेले. परत मागायचे तर देणाऱ्याघेणाऱ्या दोघांचेही बिंग फुटणार, कारण पागडी घेणारा मालक भाडेनियंत्रण कायद्याच्या १८व्या कलमाखाली आणि भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करताना पैसे घेणारा भाडेकरू १९व्या कलमाखाली गुन्हेगार ठरत होता.

यावर एक आक्षेप कायद्याचा जाणकार नक्की घेईल. करार रद्दबातल ठरला तरी घेतलेला फायदा परत करायला सांगणारे करार कायद्याचे ६५वे कलम होतेच की. होते, पण ते ज्यांना करार रद्द आहे हे नंतर कळले त्यांच्यासाठी. 'कुजू कोलियरीज' या १९७४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्याच्या बाबतीत हेच दाखवून दिले, आणि पोटभाडे बेकायदा आहे हे मुंबईत कोणाला ठाऊक नव्हते? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदी गरिबांच्या भल्याची होती, फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या शहरात मध्यस्थ नफेखोराला आवरणे गरजेचे होते. हेतू मान्य. पण बंदीने मध्यस्थ गेला नाही, फक्त अदृश्य झाला. आणि हे सरकारलाच कबूल करावे लागले. किणी निकालानंतर त्याच वर्षी, २१ मे १९५९ला वटहुकूम काढून त्या तारखेपूर्वीच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावे लागले. पुढे लोक 'लायसन्स'च्या नावाखाली जागा देऊ लागले, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू मानावे लागले. दोन्ही वेळा संरक्षण मिळाले ते त्या दिवशी आत असलेल्याला. सही करून बाहेर उभा असलेला माणूस, मग तो प्रामाणिक असो की फिरलेला, दोन्ही वेळा हिशेबात धरला गेला नाही.

आत शिरलेला बाहेर निघत नाही, ही भीती मालकांच्या मनात १९७३ने इतकी पक्की केली की त्यानंतरचे कागद जवळजवळ सगळे 'न निघणाऱ्या'साठी लिहिले गेले. अकरा महिन्यांची मुदत त्यातलीच. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, अकरा महिन्यांना ती चुकवता येई. गंमत अशी की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०७व्या कलमाप्रमाणे एक वर्षापर्यंतचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्ताने होतो किंवा तोंडी ठरवून ताबा दिल्याने होतो. नोंदणी नाही आणि ताबाही दिलेला नाही, असा सही केलेला अकरा महिन्यांचा कागद भाडेपट्टाच ठरत नाही. फार तर भाडेपट्टा करण्याचे वचन. इथेही सहीपेक्षा किल्लीच मोठी.

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २०००ला लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली आणि लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली. आता निदान फिरलेल्याचे डिपॉझिट उघडपणे ठेवून घेता येईल असे वाटते. पण करार कायद्याचे ७४वे कलम करारात लिहिलेल्या रकमेला फक्त वरची मर्यादा मानते, हक्काची रक्कम नव्हे. दिल्लीच्या भिकाजी कामा प्लेसमधल्या एका भूखंडाच्या खटल्यात हे ठळकपणे दिसले. ३.१२ कोटींची बोली पूर्ण झाली नाही, दिल्ली विकास प्राधिकरणाने ७८ लाखांची बयाणा रक्कम जप्त केली आणि तोच भूखंड नंतर ११.७८ कोटींना विकला. नुकसानच नाही तर जप्ती कसली, असे म्हणत २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम परत करायला लावली. म्हणजे पोटभाडेकरू फिरला आणि आठवड्यात दुसरा मिळाला, तर भरपाई त्या आठवड्याच्या भाड्याची आणि दलालीची. मुद्दाम जागा रिकामी ठेवून महिने मोजत बसणाऱ्याला ७३वे कलमही साथ देत नाही.

आणि हिंजवडीत किंवा पवईत लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने उरलेले चार महिने दुसऱ्याला दिले, तर त्याची अवस्था १९४८च्या भाडेकरूपेक्षा फारशी वेगळी नाही. तो भाडेकरूसुद्धा नाही, परवानाधारक आहे. आणि असा परवाना सहसा दुसऱ्याला देता येत नाही, असे १८८२चा सुविधाधिकार कायदा सांगतो. फिरलेला पाहुणा एकच प्रश्न विचारतो: जागा द्यायचा हक्क तुला होता का? घरमालकाची सही त्याच कागदावर आधीच घेतलेली असेल तरच त्याला उत्तर देता येते.