कचरा डेपोखालची जमीन

आजचा भाग एका शब्दापासून सुरू करू: डेपो. एसटीचा डेपो असतो, लाकडाचा असतो. तिथं माल येतो आणि तिथून जातोही. मग कचऱ्याच्या जागेला डेपो का म्हणायचं? तिथून तर काहीच हलत नाही.

एके काळी हलत होतं. बारामती आणि इंदापूर, दोन्ही नगरपालिका १८६५ सालच्या. तेव्हाचा कचरा म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, खरकटं. पुण्यात तर मैल्याचं सोनखत ऊसवाले पैसे मोजून नेत. पुढे अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत आली, १९३१ च्या सुमारास, आणि गावोगावच्या नगरपालिकांनी ‘कंपोस्ट डेपो’ काढले. जुन्या विकास आराखड्यांत अजून हे आरक्षण सापडतं. माझं मत असं की नाव तेच राहिलं आणि माल बदलला. कॅरीबॅगा आल्या, बॅटरीचे सेल आले, औषधांच्या बाटल्या आल्या. खत होईना, ढीग मात्र होत गेला.

या ढिगाखाली काय असावं, हे सांगणारा देशव्यापी नियम यायला २००० साल उजाडलं. आल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, त्यातून तो आला. म्हणजे आपल्या नगरपालिकांना तोवर १३५ वर्षं झाली होती! नियम तसा बारकाईचा. तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती दाबून बसवायची, वर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा. भूजलाची सर्वांत वरची पातळी तळापासून किमान २ मीटर खाली हवी. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लिचेट, गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची. आणि जागा बंद केली तरी पुढची १५ वर्षं तिची देखभाल करायची.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडं काळी मातीच आहे की, वेगळं अस्तर कशाला? अर्धं खरं आहे. काळी माती भिजली की फुगते, पाणी सहज सोडत नाही. पण चैत्र-वैशाखात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि वळवाचं पाणी पहिल्यांदा त्या भेगांतच शिरतं. खाली मुरूम, त्याखाली चिरा पडलेला बेसॉल्ट. आपल्या विहिरींना पाणी लागतं तेही याच चिरांतून. पाऊस कमी म्हणून लिचेट कमी, हेही बरोबर. पण पाऊस कमी म्हणूनच त्या विहिरीवाचून भागत नाही.

असं झालं तर काय होतं, ते याच जिल्ह्यात दिसलंय. मोरगाव, जेजुरी, सासवड करत पुण्याला जाताना दिवे घाट उतरला की पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी लागतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथं पडला. डेपोची जागा वाढत १६३ एकरांवर गेली. विहिरींचं पाणी पिण्याजोगं उरलं नाही, टँकर सुरू झाले. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. ही गावं महापालिकेत आली ती २०१७ साली. कचरा त्याच्या कितीतरी आधी आला होता.

२०१६ च्या नियमांनी प्रश्नच फिरवला. कुठं टाकायचं याच्याआधी काय टाकायचं नाही, ते विचारलं. ज्याचं खत होतं, जे पुन्हा वापरता येतं, ते भरावभूमीत जाताच कामा नये. नदीपासून १०० मीटर, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतर हवं. जुने ढीग उकरून, चाळून मोकळे करायचे. ही चाळणी बातम्यांत छान दिसते, पण ढिगाखालच्या चिरांत आधीच उतरलेलं पाणी तिच्यातून चाळून निघत नाही.

म्हणून बारामतीच्या, इंदापूरच्या श्रोत्यांना मी एक कागद मागायला सांगेन. जागेच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायचं, ही अट २००० सालच्या नियमांतच घातलेली आहे. तो अहवाल नगरपालिकेकडे मागा, आणि तीनही ऋतूंचा मागा.