बिनतारी संचाचे फर्मवेअर बदलताना

गस्ती मोटार, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या बंबात डॅशबोर्डखाली बसविलेल्या दुहेरी बिनतारी संचाला या व्यवसायात ‘मोबाइल’ म्हणतात. भ्रमणध्वनीशी त्याचा संबंध नाही. पूर्वी या संचाची वारंवारता बदलायची तर आतील क्रिस्टल बदलावा लागे. आता आवाजाचे अंकीय रूपांतर, चॅनेलची निवड, गुप्तता असा बहुतेक कारभार फर्मवेअर ही आज्ञावली सांभाळते आणि ती वेळोवेळी नवी करावी लागते.

येथे पहिला गोंधळ होतो तो फर्मवेअर आणि कोडप्लग यांत. कोडप्लग म्हणजे त्या विशिष्ट संचाची माहिती: चॅनेल, वारंवारता, ओळखक्रमांक, गट. ती वापरणाऱ्या संस्थेने भरलेली असते. फर्मवेअर उत्पादकाचे असते आणि त्या मॉडेलच्या सर्व संचांसाठी एकच असू शकते. काही संचांत फर्मवेअर बदलताना कोडप्लग पुसला जातो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तो संगणकावर वाचून घेऊन जतन करणे अनिवार्य मानावे. घाईत हीच पायरी वगळली जाते आणि मग ऐनवेळी शेकडो चॅनेल हाताने भरण्याची पाळी येते.

ही उठाठेव करायची कशासाठी? युरोपातील टेट्रा प्रणालीचे उदाहरण पुरेसे आहे. जगातील अनेक पोलीस दले ती वापरतात. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील ‘मिडनाइट ब्लू’ या संस्थेच्या संशोधकांनी तिच्या गुप्ततेतील अनेक दोष उघड केले. त्यांतील काही दोषांवर फर्मवेअर बदलून उपाय करता आला. टीईए-१ या सांकेतिक पद्धतीत मात्र ८० बिटांची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांवर आणली जात होती. तेथे पद्धतच बदलणे किंवा वर आणखी एक गुप्तता चढविणे एवढाच मार्ग उरला. थोडक्यात, फर्मवेअर हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे.

डीएमआर मानकाचे तसे नाही; तेथे प्रश्न बहुधा मेळाचा असतो. २००५ मध्ये जाहीर झालेल्या या मानकात १२.५ किलोहर्ट्‌झच्या एका चॅनेलचे दोन कालखंड पाडून दोन संभाषणे चालविली जातात. रिपीटर आणि संच यांच्या आवृत्त्यांत फार अंतर पडले, तर एखादी सुविधा चालेनाशी होऊ शकते. त्यामुळे ताफ्यातील सर्व संच एकाच दिवशी बदलू नयेत. एक-दोन संचांवर प्रयोग करून, काही दिवस वापरून मगच बाकीचे हाती घ्यावेत. बऱ्याच मॉडेलांमध्ये जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वीज खंडित होणे. आज्ञावली अर्धवट लिहिली गेली, तर संच सुरूच होत नाही. बूटलोडर शाबूत असेल, तर पुन्हा प्रयत्न करता येतो. नसेल तर संच उत्पादकाकडे पाठवावा लागतो. मोटारीतील संचाचे काम चालू असताना इंजिन सुरू करू नये, कारण स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब एकदम खाली येतो. संच बाहेर काढून १३.८ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर ठेवणे उत्तम. हातातील संचाची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. लॅपटॉपही झोपी जाणार नाही, अशी व्यवस्था करावी.

केबलही चांगली हवी. स्वस्त केबलींमध्ये नकली चिप असते. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने अशा नकली चिपा निकामी केल्या होत्या. हा प्रसंग फर्मवेअर लिहीत असताना ओढवला, तर काय होईल याची कल्पना करता येते.

काम संपल्यावर फक्त ‘हॅलो’ म्हणून थांबू नये. रिपीटरमार्गे आणि थेट असे दोन्ही प्रकारचे बोलणे, गुप्त चॅनेल आणि मुख्य म्हणजे आणीबाणीचे बटण तपासावे. नवी आवृत्ती, तारीख आणि संचाचा क्रमांक नोंदवहीत लिहावा.

बाहेरून मिळालेले, वारंवारतेच्या मर्यादा उठविणारे फर्मवेअर भरणे मात्र वेगळीच जोखीम आहे. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ठरलेल्या अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. संच अशा फर्मवेअरमुळे या मर्यादेबाहेर बोलू लागला, तर ती सूट त्याला लागू राहत नाही.