किंडरची पायवाट

मँचेस्टरचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकास प्रथम विलायती कापड आठवते, आणि त्या कापडापायी बंद पडलेला आपल्या विणकराचा माग आठवतो. हे साहजिकच आहे. परंतु ते कापड ज्यांच्या हातून निघाले, त्या गिरणीकामगारांस रविवारी मोकळ्या हवेत चार पावले टाकावयास तरी जागा होती काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पायवाटेपासून समाजास लाभ कोणता, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने हा प्रश्न अवश्य विचारावा.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मध्ये डोंगराळ मुलूख आहे, व त्यात किंडर स्काउट नावाचे सुमारे 2,000 फूट उंचीचे पठार आहे. तेथील सामाईक जमीन एकोणिसाव्या शतकात कुंपणबंदीच्या कायद्यान्वये खाजगी झाली, आणि पुढे जमीनदारांनी ती ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेविली. वर्षातून मोजके दिवस बंदुका वाजत; बाकीचे दिवस रखवालदार पहारा करीत. दोन्ही शहरांतून डोंगर दिसावा, पण त्यावर पाय ठेवता येऊ नये, अशी ही स्थिती होती.

सनदशीर खटपट झाली नाही असे नाही. 1884 साली जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडातील डोंगर लोकांस खुले करण्याचे विधेयक पार्लमेंटात मांडले. ते संमत झाले नाही. 1894 साली मँचेस्टरात पायवाटा राखण्यासाठी एक मंडळ निघाले, व 1897 साली हेफील्ड गावाहून किंडरच्या कडेने जाणारी ‘स्नेक पाथ’ ही वाट जमीनदारांशी वाटाघाटी करून खुली झाली. वाट मिळाली, पठार मात्र बंदच राहिले.

24 एप्रिल 1932 रोजी, रविवारी, काही शेकडा तरुण स्त्रीपुरुष हेफील्डजवळच्या एका दगडखाणीत जमले. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या कामगाराने भाषण केले, आणि सर्वजण उघड उघड किंडर चढून गेले. वर रखवालदारांशी झटापट झाली, एकजण जखमी झाला. नुसते परक्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तेव्हा इंग्लंडात फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून आरोप ठेवला तो दंग्याचा. जुलैत डर्बी येथील न्यायालयाने पाचजणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा दिल्या. पदयात्रिकांच्या जुन्या संस्थांस हा मार्ग पसंत नव्हता. परंतु शिक्षांच्या कठोरपणाने तटस्थ लोकांचीही मने हलली.

त्या एका रविवारने कायदा घडला, असे म्हणणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. 1935 साली टॉम स्टीव्हन्सन या पत्रकाराने पेनाइन पर्वताच्या कण्यावरून एक दीर्घ पायवाट काढण्याची कल्पना वृत्तपत्रात मांडली. 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. 1951 साली किंडरचा मुलूख ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. आणि 24 एप्रिल 1965 रोजी 268 मैलांची ‘पेनाइन वे’ खुली झाली. 2000 सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्क मान्य केला. 2002 साली, सत्तराव्या स्मृतिदिनी, डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळी घडलेल्या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. विधेयक मांडणारा, वाटाघाटी करणारा, तुरुंगात जाणारा आणि लेख लिहिणारा, या सर्वांचा यात वाटा आहे.

आता लाभाचा विचार करू. चालण्याने प्रकृती सुधारते हे सांगावयास आमची गरज नाही. दुसरा लाभ गावांचा. मोटारीतला प्रवासी गाव ओलांडून जातो. पायी चालणारा गावात जेवतो, मुक्काम करतो आणि चार माणसांशी बोलतो. परंतु सर्वांत मोठा लाभ आम्हांस वेगळाच वाटतो. पायवाटेवर चालावयास न वाहन लागते, न तिकीट. ज्याच्याजवळ फक्त पाय आहेत व सुटीचा एक दिवस आहे, तोही तेथे कोणाचा पाहुणा नसतो. देश आपला आहे ही गोष्ट माणसास पुस्तकापेक्षा अशा वाटेवर लवकर पटते.

हक्काबरोबर कर्तव्यही आलेच. किंडरची जमीन पीट नावाच्या मऊ, काळ्या, पाणथळ मातीची आहे. हजारो पावलांनी ती झिजली, चिखल झाला, आणि चिखल चुकविण्यासाठी लोक बाजूने चालू लागताच वाट रुंदावत गेली. म्हणजे जो समाज वाटेसाठी झगडला, त्याच्याच पायांनी डोंगराची हानी होऊ लागली. रानपक्ष्यांचीही हीच गोष्ट. म्हणून 2000 च्या कायद्याने खुल्या केलेल्या रानात 1 मार्च ते 31 जुलै या विणीच्या दिवसांत कुत्रा आखूड दोरीनेच न्यावा लागतो. ही बंधने जमीनदाराच्या कुंपणासारखी नव्हेत, कारण ती गरीब-श्रीमंत सर्वांस सारखी आहेत.

वाटेच्या दुरुस्तीसाठी पुढे पेनाइन वेवर दगडी फरशा घालण्यात आल्या. त्यांतील पुष्कळशा फरशा बंद पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून उचलून आणलेल्या आहेत. ज्या फरशीवर उभे राहून कामगार आठवडाभर राबले आणि रविवारी डोंगराकडे नुसते पाहत राहिले, तीच आता डोंगरावर पडली आहे, व तिच्यावरून वाटेल त्याने चालावे.