परसबाग आणि पागोळ्यांचे पाणी

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राज्यकर्ते यांची अपेक्षा श्रोत्यांनी करावी, हे साहजिक आहे. तथापि शहराने आपले पाणी कोठून आणले, कसे साठवले आणि कोणाला दिले, यावरूनही त्या शहराची बरीच ओळख पटते. म्हणून आज आपण घरामागच्या चार हात जमिनीचा, म्हणजे परसाचा, आणि तेथे मुरणाऱ्या पाण्याचा विचार करू. उदाहरण पुण्याचे घेतले आहे.

जुन्या वाड्याच्या परसात आड असे, न्हाणी असे, आणि न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू, केळ व कर्दळ यांची दाटी असे. या मांडणीत एक हिशेब होता. ज्या झाडांना सतत ओल लागते ती सांडपाण्याच्या पाटावर. लिंबू, कढीलिंब, जास्वंद ही थोडी दूर, आळे करून. आणि तुळस अंगणात, तांब्याभर पाण्यावर. भांडी राखेने घासत आणि केस शिकेकाईने धूत, त्यामुळे ते पाणी झाडांना बाधत नसे. पावसाळ्यात वळचणीखाली हंडे व घंगाळी मांडली जात. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण ज्यांच्या तोंडी होती त्यांना ते पाणी वळचणीलाच धरावे लागते, हेही ठाऊक होते.

अठराव्या शतकात पेशव्यांची राजधानी वाढली तेव्हा आडांचे पाणी पुरेना. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, त्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तळी बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणले गेले. कात्रज उंचावर आणि शहर सखल, एवढ्या उतारावरच ते पाणी वाहत येई. वाटेत उच्छ्वास ठेवलेले होते आणि शेवटी वाड्यावाड्यांतून व पेठापेठांतून हौद होते. डोंगरावर पडलेला पाऊस तळ्यात अडवून शनिवारवाड्याच्या कारंज्यांपर्यंत पोचवणारी ही योजना खरोखर कौतुकास्पद होय.

परंतु कौतुक करताना एक प्रश्न टाळता येत नाही. हे पाणी कोणाचे? ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते त्यांना सवर्णांच्या पाणवठ्यावर भांडे बुडवण्याची मुभा नव्हती. फुलांच्या व्यवसायावरून ज्या माळी घराण्याला फुले हे आडनाव पडले, त्या घराण्यातील जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बागेला पाणी घालणाऱ्यांच्या कुळातील माणसाने पाण्यावरची मालकी सैल करावी, यात आम्हांस मोठी संगती दिसते. याच जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, डोंगरउतारावर बंधारे घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, असे सुचवले. पाणी अडवणे आणि पाणी वाटणे ही दोन्ही कामे त्यांनी आपली मानली. त्यांच्या हौदानंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन तोच हक्क बजावावा लागला, यावरून हा प्रश्न किती खोल रुजलेला होता ते कळते.

पुढे १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि काळाच्या ओघात तोटी घरोघर आली. तिने स्त्रियांच्या कमरेवरची घागर उतरवली, हे तिचे उपकार विसरता कामा नयेत. मात्र आड बुजले, हौद कोरडे पडले आणि पागोळ्यांचे पाणी गटारात गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासलाही फुटले. पुराने हाहाकार केलाच, शिवाय नळही कोरडे झाले. तेव्हा नगरवासीयांना पुन्हा विहिरींची आठवण झाली. एकाच ठिकाणी सर्व भिस्त ठेवण्याचा धोका त्या दिवसांनी दाखवून दिला.

आता हिशेब मांडून पाहू. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५० चौरस मीटर छतावर ३५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २८,००० लिटर उरते. दहा चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्यांना रोज ५० लिटर दिले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत १२,००० लिटर पुरे. म्हणजे पाऊस गरजेच्या दुपटीहून अधिक, अडचण साठवणीची. २०० लिटरचे पिंप चार दिवसांत रिते होते. १२,००० लिटरसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल असा हौदच हवा. तेवढी ऐपत किंवा जागा नसेल त्याने जमेल तितके साठवावे, उरलेले गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे, आळ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. वाड्यात आड, हौद आणि सांडपाणी ही तिन्ही साधने एकत्र का नांदत होती, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

जुने ते सर्व सोने, असे मात्र आम्ही म्हणत नाही. हिवताप डासांमार्फत पसरतो, हे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांच्या शोधाने दिसू लागले. डेंग्यूचा डास तर घरातल्या स्वच्छ, साचल्या पाण्यातच वाढतो. म्हणून हौदावर घट्ट झाकण आणि पन्हळीच्या तोंडाशी बारीक जाळी हवीच. पहिल्या सरींचे धुळीचे पाणी बाहेर सोडावे. आजच्या साबणाचे पाणीही डोळे मिटून वाफ्यात घालू नये.

परसात मुरलेले पाणी कुंपण ओळखत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीतही उतरते. आपण छतावरचे पाणी धरले म्हणजे धरणातले तेवढे पाणी दुसऱ्या कोणासाठी शिल्लक राहते. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असतात, त्या वस्तीचा विचार करून पन्हळ लावली, तर १८६८ सालच्या त्या हौदाशी आपले काही नाते उरले आहे, असे म्हणता येईल. मृगाला अवकाश आहे; तोवर पन्हळी साफ कराव्यात.