मुखत्यार नेपथ्यकार

नाटक संपल्यावर प्रेक्षक नटाचे पद गुणगुणत घरी जातो, नाटककाराची वाक्ये चार दिवस घोळवितो. परंतु ज्या महालात किंवा दिवाणखान्यात ते सारे घडले तो उभारला कोणी, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतो. रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही बहुधा प्रेक्षकांचाच कित्ता गिरविला आहे. म्हणून नेपथ्य करणाऱ्या कलावंताचे पोट आजवर कशावर चालत आले, आणि कोणाची चाकरी न पत्करता मुखत्यारीने धंदा करण्यात त्याला काय गमवावे लागले व काय लाभले, याचा थोडा विचार येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. साध्या पडद्यावर काम भागत असे. पुढे पारशी व इंग्रजी मंडळ्यांचे रंगविलेले पडदे लोकांच्या नजरेत भरले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणल्यावर संगीत नाटकांचा जो जमाना सुरू झाला, त्यात रस्ता, अरण्य, महाल, तुरुंग यांचे पडदे ही मंडळीची मालमत्ताच होऊन बसली. हे पडदे रंगविणाऱ्याला दोन वाटा होत्या. एक, मंडळीच्या बिऱ्हाडात राहावे, तिच्या पंगतीला जेवावे आणि महिन्याचा पगार घ्यावा. दुसरी, आपले घर व आपला कुंचला सांभाळून जो बोलावील त्याचे काम करावे.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांत कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री या बंधूंचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९१० नंतरच्या पाचसहा वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांसाठी, तसेच गुजराती-पारशी रंगभूमीसाठी त्यांनी अनेक पडदे रंगविले आणि ‘पेंटर’ हीच त्यांची आडनावाची खूण झाली. एका मालकाशी बांधलेले नसल्यामुळेच त्यांना स्वतःच्या छंदापायी जोखीम घेता आली. चलच्चित्राचा कॅमेरा सिद्ध करण्याच्या खटाटोपात असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते काम तडीस नेले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले व फत्तेलाल पुढे ‘प्रभात’च्या संस्थापकांत आले. नाटकाच्या पडद्याने चित्रपटाच्या पडद्याला असा हात दिला.

त्या चित्रपटानेच मग नाटक मंडळ्यांचा कणा मोडला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’त उतरले. मंडळ्या बसल्या, त्यांबरोबर पगार आणि पंगतही गेली. याच सुमारास, १९३३ मध्ये, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगविली आणि गुंडाळता येणाऱ्या पडद्याऐवजी तीन भिंतींचा, दारेखिडक्या असलेला खराखुरा दिवाणखाना लोकांपुढे मांडला. नुसत्या रंगाऱ्याचे काम संपले. जागेचा, उजेडाचा व नटाच्या हालचालीचा विचार करणारा नेपथ्यकार हवासा झाला. मात्र त्याला बारमाही पोसणारी संस्था उरली नव्हती. त्याचे स्वातंत्र्य त्याने मागून घेतले नाही. ते त्याच्यावर येऊन पडले.

त्यानंतरच्या पिढीने यातून जो मार्ग काढला, तो द. ग. गोडसे यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. जाहिरातकलेच्या नोकरीत उपजीविका आणि रंगभूमीवर साधना, अशी विभागणी त्यांनी केली. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झाल्यावर नव्या हातांना वाव मिळाला. पण हौशी संस्थेकडे उत्साह असतो, पैसा नसतो, आणि व्यावसायिक निर्माता प्रयोग किती होतील याच्या चिंतेत असतो. नाटक चालले तर सर्वांचे. पडले तर पहिली काटछाट नेपथ्याच्या बिलात! शिवाय दौऱ्याच्या मोटारीत मावेल आणि तासाभरात उभे राहील असेच घर त्याने बांधावयाचे. तरीही पडदा वर जाताच, नट रंगमंचावर येण्यापूर्वीच, रिकाम्या घरासाठी टाळ्या पडतात, त्या क्षणाची बरोबरी कोणताही पगार करू शकत नाही, हे या कलावंतांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे.

परंतु टाळ्यांवर चूल पेटत नाही. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका नेपथ्यकाराची हकीकत अशी : काम तोंडी ठरले, सामान पहिल्या प्रयोगाच्या सकाळी ताब्यात दिले गेले, आणि दुसऱ्या हप्त्यासाठी त्याला वर्षभर खेटे घालावे लागले. अशा माणसाला कायदा अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम असे सांगते की, दुसऱ्याच्या वस्तूवर ज्याने श्रम व कौशल्य खर्चिले, त्याला विरुद्ध करार नसल्यास मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरता येते. मंडळीने दिलेल्या कापडावर चितारलेल्या पडद्याला हे तत्त्व लागू पडते. मात्र ताबा सोडला की हा हक्कही सुटतो. मग उरते ती दिवाणी दाव्याची लांब वाट.

कलेच्या मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमान्वये, विरुद्ध करार नसेल तर, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक धनी ठरतो, आणि मोबदला देऊन काढविलेल्या चित्राचा मालक ते काढविणारा ठरतो. पण नेपथ्याचा आराखडा व नमुना म्हणजे ‘चित्र’ नव्हे, असे आम्हांस वाटते. मुखत्यार कलावंताने लेखी हस्तांतर केले नसेल तर त्यांची मालकी त्याच्याकडेच राहावी. शिवाय ५७ वे कलम कर्त्याचे नाव व कृतीची अब्रू यांना वेगळे संरक्षण देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडले गेले. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे शिल्पाचे अवशेष त्यांना परत देवविले आणि पाच लाख रुपयांची भरपाई ठरविली. कृती विकली म्हणजे कर्ता विकला गेला नाही, हाच त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

नाटकाचे घर मुळातच क्षणभंगुर. शेवटच्या प्रयोगानंतर त्याच्या फळ्या दुसऱ्या नाटकात जातात किंवा गोदामात कुजतात. म्हणूनच त्याचे आराखडे जपून ठेवणे, जाहिरातीत व दर्शनी फलकावर नेपथ्यकाराचे नाव छापणे, आणि काम हाती घेण्यापूर्वी एका कागदावर रक्कम, हप्ते व मालकी लिहून घेणे, या तीन गोष्टी क्षुल्लक मानता येणार नाहीत. मंडळ्यांच्या काळात पंगतीचे पान हाच करार होता. ते पान आता उठले आहे. त्याच्या जागी निदान कागदाचे पान तरी असावे.