मेळघाटातील पर्यटन आणि स्थानिक कौशल्य

सातपुड्याच्या रांगांतील मेळघाट हे देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक (1973–74). चिखलदरा, सेमाडोह, कोलकास ही अमरावती जिल्ह्यातील, तर शहानूर व नरनाळा किल्ला ही अकोला जिल्ह्यातील पर्यटनस्थळे. सफारीत स्थानिक गाइड सोबत असतो. तो बहुधा आसपासच्या गावातला, अनेकदा कोरकू तरुण असतो. सागाच्या दाट, डोंगराळ रानात वाघ ताडोबासारखा सहज दिसत नाही. त्यामुळे पर्यटकाचा दिवस सार्थकी लागतो तो गाइडच्या जाणकारीमुळे: पाऊलखूण, सांबराची धोक्याची हाक, अस्वलाने ओरबाडलेले खोड. हे ज्ञान त्याच्याकडे पिढीजात असते. अडते ते सांगण्यापाशी. कोरकू गाइडची मातृभाषा कोरकू ही मुंडा कुळातील, मराठी-हिंदीहून सर्वस्वी वेगळी. म्हणून गाइडच्या प्रशिक्षणात पक्ष्यांच्या नावांइतकेच संभाषणालाही महत्त्व द्यावे लागते. स्थानिक कौशल्य जंगलवाटांपुरते नाही: धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या ‘संपूर्ण बांबू केंद्रा’ने बांबूच्या हस्तकौशल्याला बाजाराची वाट दाखवली. हॉटेल-व्यवसायात मात्र स्वागतकक्ष व हिशेबाची कामे प्रशिक्षितांनाच मिळतात. ते कौशल्य गावात नसेल, तर स्थानिकांच्या वाट्याला झाडलोट आणि हंगामी मजुरीच येते.