चलच्चित्राचा संक्षेप

आमच्या काल्हेरीं गुदामें फार. नव्या कारकुनास संगणकावरील काम समजावून द्यावयाचें तर हल्लीं पडद्यावरील हालचालच टिपून धाडतात. चित्र जड झालें कीं तें वेळेवर पोहोंचत नाहीं, आणि काम खोळंबतें.

आपल्याकडे ह्या संक्षेपाचा पहिला धडा दादासाहेब फाळक्यांनीं घातला असें मी मानतों. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याची वाढ रोज एकेक चित्र घेऊन टिपली. महिन्याहून अधिक काळाचा व्यवहार पडद्यावर मिनिटाच्या सुमारास आटोपला. बदल कळेल इतकींच चित्रें घ्यावीं, हें त्यांतलें मर्म. सेकंदास तीस चित्रांऐवजीं दहा घेतलीं तरी कारकुनास काम समजतें.

जिफ पद्धति १९८७ ची. कॉम्प्युसर्व्ह ह्या अमेरिकन कंपनींत स्टीव्ह विल्हाइट ह्यांनीं ती सिद्ध केली. (जनक ‘जिफ’ म्हणत, अर्धें जग अद्याप ‘गिफ’ म्हणतें!) तींत एका चित्राला रंग फार तर २५६. तिच्या पोटांतील युक्ति लेंपेल व झिव्ह ह्या इस्रायली पंडितांनीं १९७८ सालीं मांडली आणि वेल्च ह्यांनीं १९८४ त सुधारली. वाणी वहींत ‘सदर’ लिहून भागवितो, तसेंच हें: रंगांची एक रांग पुन्हां आली कीं तिचा केवळ क्रमांक लिहावयाचा. म्हणूनच सपाट रंगाचा पडदा थोडक्यांत मावतो. रंगछटा साधण्यासाठीं ठिपक्यांची पखरण केली, कीं रांगा मोडतात व चित्र फुगतें. पुष्कळ हौशी लोक नेमके येथेंच फसतात.

१९८९ च्या आवृत्तींत पारदर्शक रंग आला. पडद्यावर बाण तेवढा हालला, तर तेवढाच तुकडा नव्यानें साठवावा. बाकीचें जुनें खालून दिसतें.

ह्या युक्तीवर युनिसिस कंपनीचें पेटंट होतें. वर्षानुवर्षें लोकांनीं ती निःशंकपणें वापरल्यावर १९९४ च्या डिसेंबरांत शुल्काची मागणी पुढें आली. कायद्यानें ती योग्य असेल; मला ती न्याय्य वाटत नाहीं. त्या संतापांतून १९९६ सालीं पीएनजी ही मुक्त पद्धति निघाली. पण तींतील चित्र हलत नव्हतें, म्हणून जिफ तगली. अमेरिकेंतील पेटंट २००३ सालीं संपलें.

तरी पान वर सरकतें तेथें जिफ हतबल होते. तिला सारें पुन्हां लिहावें लागतें. एमपी४ मधील व्हिडिओ ‘हाच भाग इतका वर सरकला’ एवढेंच नोंदवितो, आणि तेंच चित्रण पुष्कळदां कितीतरी कमी जागेंत बसवितो.